होणारे व्याही विस्तवापाशी उभे

तीर्थस्वरूप जाऊबाईंना,

धाकट्या जावेचा वाकून नमस्कार. (ठमीच्या घरातला सोफा इतका खोल आहे की त्यात बसलेलं माणूस आपोआपच वाकतं. तरी माझा नमस्कार मनापासूनचा समजावा.) तुमचे गुडघे काय म्हणतात? दादांनी लोणचं सोडलं, की अजून कपाटामागे बरणी लपवतात? सासूबाईंना माझा नमस्कार कानाशी जाऊन मोठ्याने सांगा, नाहीतर मागच्या वेळेसारखं मीच परत आले असं समजून त्या माझं अंथरूण घालायला सांगतील. आम्ही दोघं इकडे खुशाल आहोत. तुमच्या भावजींची उजवी भुवई अर्धी जळली आहे, पण डॉक्टर म्हणाले येईल परत. तिचा खुलासा पुढे येतोच आहे. त्याआधी तुम्ही रक्तदाबाची गोळी घ्या, भिंतीला पाठ टेकून बसा आणि मगच पुढे वाचा.

निघताना तुम्ही स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन मला काय बजावलं होतंत, ते मी एक अक्षरही विसरलेली नाही. ठमीला जन्म मी दिला असला तरी मी कचेरीत जायचे तेव्हा ती तुमच्याच मांडीवर वाढली, तुम्हाला मोठी आई म्हणते, तेव्हा परक्या देशातल्या परक्या मुलाला ती देण्याआधी त्याचं घर मी डोळ्यांनी बघावं आणि काहीही न लपवता तुम्हाला लिहावं. मग तुम्ही हो की नाही ते सांगणार. आणि तोपर्यंत तुमच्या भाच्याचं स्थळ थांबवून ठेवणार. इकडे कन्यारत्नाने जाहीर करून टाकलंय की मोठी आई हो म्हणेल तेव्हाच बोहल्यावर चढेन, आणि करीन तर यालाच करीन. म्हणजे तुमच्या दोघींच्या हट्टात मी आपली मधल्या मध्ये. तर जाऊबाई, घर पाहून आले. घर कसलं, अंगणच पाहून आले. आतून अजून हललेली आहे म्हणून अक्षर वाकडं येतंय, सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यात बुधवारी मुलाच्या घरून निरोप आला, की रविवारी दुपारी एक वाजता आमच्याकडे बार्बेक्यूला या. बार्बेक्यू म्हणजे अंगणात विस्तव करायचा, त्यावर लोखंडी जाळी ठेवायची आणि भाजण्यासारखं जे असेल ते भाजून खायचं. इथपर्यंत मी समजून घेतलं. पण निरोपाच्या शेवटी एक ओळ होती, ती ठमीने दोनदा वाचली तरी माझ्या डोक्यात शिरेना. जे खायचं असेल ते घेऊन या, आणि बसायला खुर्च्याही घेऊन या! अहो, मुलीकडची माणसं पहिल्यांदा घर बघायला येणार, आणि त्यांना सांगताहेत जेवायला या, जेवण आणा, बूड टेकायचं तेही आणा! मी विचारलं, मग त्यांचं काय? ठमी म्हणाली, विस्तव त्यांचा. यावर तुमचे भावजी म्हणाले की विस्तवही आपणच घेऊन जाऊ, आणि तो घेऊन इथेच बसू, म्हणजे जायलाच नको.

पण जायचं तर होतंच. चार दिवस मी काट्या-चमच्याने खायचा सराव केला. रोज सकाळी एक बटाटा उकडायचा आणि सुरी-काट्याने त्याच्याशी झोंबायचं. (तिसऱ्या दिवशीचा बटाटा फ्रिजखाली गेला, तो अजून तिथेच आहे.) तुमच्या भावजींनी आपली चाळीस वर्षांची हेडक्लार्की बाहेर काढली. मुलाकडच्यांना विचारायचे सत्तावीस प्रश्न स्वच्छ अक्षरात लिहून, त्यांना मार्जिन आखून, त्याची फाइल केली. रविवारी मी जांभळी रेशमी साडी नेसले, त्यांनी कोट चढवला, ठमीने मुलाकडच्यांसाठी कोंबडी आणि माझ्यासाठी सहा कणसं पिशवीत घातली, आणि आम्ही बसमध्ये चढलो. कोटाच्या बगलेत घडीची खुर्ची, रेशमी साडीच्या बगलेत घडीची खुर्ची. ड्रायव्हरने आमच्याकडे पाहिलं, बसमधल्या रिकाम्या सीटांकडे पाहिलं आणि मग बिचाऱ्याने पुढच्या रस्त्याकडे पाहिलं. मीही मान वळवून खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी पोचलो तर पुढचं दार बंद! घंटा वाजवायला गेले तर ठमीने हात धरला आणि आम्हाला घराच्या बाजूच्या बोळातून नेलं. सायकली, कचऱ्याचे दोन डबे, गुंडाळलेला पाण्याचा पाइप असं सगळं ओलांडत वरपक्षाच्या दारी आमचा प्रवेश झाला. आपल्याकडे या वाटेने फक्त मोलकरीण आणि मांजर येतं. मागच्या अंगणात दहा-बारा माणसं. कोणी उठलं नाही, कोणी हातपाय धुवायला पाणी विचारलं नाही, सगळ्यांनी बसल्या जागेवरून नुसते हात हलवले. आणि सगळे अर्ध्या चड्डीत! म्हातारे, तरणे, बायका, सगळे. जांभळ्या रेशमी साडीत मी एकटी अशी दिसत होते की जणू माझंच लग्न आहे आणि नवरा पळून गेलाय.

आता मुलाच्या वडिलांबद्दल. हे गृहस्थ आगीच्या बंबावर होते, निवृत्त झाले. (मी मनातल्या मनात त्यांना बंबवाले म्हणते. मुलगा इतका उंच आहे की त्याला शिडी म्हणते. ठमीला सांगू नका.) उभा जन्म लोकांच्या घरच्या आगी विझवल्या आणि आता दर रविवारी स्वतःच्या घरी लावतात, याला काय म्हणावं? वरपिता म्हणून मी कोणीतरी आरामखुर्चीत बसलेलं, गंभीर, पान खाल्ल्यासारखं तोंड करून असलेलं माणूस शोधत होते. तर वरपिता जाळीपुढे उभे! कमरेला फडकं, हातात चिमटा, डोळे धुराने लाल, कपाळावरून घाम गळतोय. आणि त्यांच्या बाईसाहेब, म्हणजे होणाऱ्या विहीणबाई, स्टुलावर पाय पसरून थंड सरबत पिताहेत! त्या शाळेची बस चालवतात. सहा दिवस पोरं वाहते, सातव्या दिवशी बसते, असं त्यांनी मला ठमीमार्फत कळवलं. बाकीच्या बायकाही बसलेल्या. एकही बाई चुलीपाशी नाही. पुरुष मात्र सगळे विस्तवाभोवती गोळा झालेले, आणि काम करणारे एकटे बंबवाले, बाकीचे नुसते सल्ले देताहेत. त्यांचा जावई तर चिमट्याला हात लावायला टपलेला होता. पण बंबवाले त्याला फिरकू देईनात. मी बत्तीस वर्षं संसार केला, तुमच्या भावजींना चहाची पूड कुठल्या डब्यात असते ते आजतागायत माहीत नाही, आणि इथे हे दृश्य! मला दोन मिनिटं कळेचना की रडावं की हेवा करावा.

एक वाजताचं आमंत्रण, पण तीन वाजेपर्यंत नुसता धूर. मग एकदाचं ताट फिरू लागलं. बंबवाले आधी माझ्यासमोर आले, ताटात भाजलेले बटाटे. मी आपल्या रीतीप्रमाणे लाजून नको म्हटलं. जाऊबाई, तो मनुष्य हसून मान हलवून निघून गेला! मी नको म्हटलं म्हणून! मी हात पुढे करायच्या बेतात होते, तोवर बटाटे पलीकडच्या खुर्चीपाशी पोचले. आपल्याकडे पहिलं नको म्हणजे बरं का, दुसरं नको म्हणजे थोडंच हं, आणि तिसरं नको म्हणेपर्यंत ताट भरलेलं असतं. इथे एका नकोवर कायमचा निकाल. तुमच्या भावजींनी तर तीनदा नको म्हटलं, तीन वेगवेगळ्या पदार्थांना, आणि तिन्ही वेळा त्यांचा शब्द राखण्यात आला. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही, समोर दहा माणसं बोटं चाटून खाताहेत (हो, बोटं! काटे-सुऱ्यांचा पत्ताच नाही, माझे चार दिवसांचे बटाटे पाण्यात गेले), आणि आम्ही दोघं सुसंस्कृतपणे उपाशी.

भुकेने म्हणा, उन्हाने म्हणा, पण तुमच्या भावजींच्या डोक्यात तेव्हा काहीतरी झालं. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, अगं, मुलाचे वडील उभे राहून वाढताहेत आणि मुलीचा बाप खुर्चीत बसलाय. माझ्या सात पिढ्या वरून बघत असतील. मी म्हटलं, बघू देत, तुम्ही बसा. पण ऐकतील तर ते कसले. कोटाच्या बाह्या सावरत ते उठले, सरळ जाळीपाशी गेले, आणि तुम्ही बसा हो, आम्ही आहोत ना, असं शुद्ध मराठीत म्हणत जाळीच्या कडेला लटकवलेला एक चिमटा उचलून त्यांनी त्याने कोंबडीची तंगडी उलटी केली. ज्या माणसाने घरी कधी पापड भाजला नाही! तंगडीतली चरबी विस्तवात पडली आणि भसकन् एवढा मोठा जाळ उठला. भुवई तिथेच गेली. बंबवाल्यांना विचार करावाच लागला नाही. शेजारी पाण्याची बादली होती ती उचलली आणि एका दमात तुमच्या भावजींवर ओतली. कोट, फाइल, सत्तावीस प्रश्न, सगळं चिंब.

इथवर ठीक होतं. लोक हसायलाही लागले होते. पण बंबवाल्यांची नजर तुमच्या भावजींच्या हातातल्या चिमट्यावर गेली, आणि ते असे ओरडले की शेजारच्यांचा कुत्रा कुंपणाखालून पळाला. चिमटा हिसकावून घेतला, त्याच्याकडे पाहिलं आणि घराच्या बाजूला तरातरा निघून गेले. अंगणात सरबत पिणारं सरबत हातात धरून बसलं. शिडी बापामागे धावला. मला वाटलं, संपलं सगळं. वरपित्याच्या हातातलं काम भर सभेत काढून घेतलं, याहून मोठा अपमान कोणता? ठमी माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. तोंड पांढरंफटक. पाचवीत गणितात नापास झाली तेव्हा तुमच्या पदराआड जशी उभी होती ना, अगदी तशी. मला म्हणाली, आई, आता मोठी आई नाहीच म्हणेल ना? जाऊबाई, तुमच्या भाच्याचं स्थळ चांगलं आहे हे मला मान्य आहे, पण त्या स्थळासाठी ही पोर कधी अशी पांढरी पडली नसती.

मग मी म्हटलं, जे काय व्हायचं ते होऊ दे. माणूस रुसला तर त्याला जेवायला घालायचं, मला दुसरी विद्या येत नाही. मी एक ताटली घेतली, दिसेल ते वाढलं (कोंबडी वाढली. हो, मी. डोळे मिटून, चमच्याने, लांबून.), आणि बाजूच्या बोळात गेले. तर काय बघते! बंबवाले नळापाशी उकिडवे बसलेले, आणि राख आणि साबण लावून तो चिमटा खसाखसा घासताहेत. डोळ्यांतून पाणी वाहतंय. शेजारी शिडी उभा. ठमी माझ्यामागून आली, तिने विचारलं, त्याने सांगितलं, तिने मला सांगितलं.

जाऊबाई, त्या चिमट्याला हिरवी दोरी बांधलेली होती. तो माझा चिमटा होता. ठमीची आई मांस-मच्छी शिवत नाही हे कळल्यावर त्या माणसाने एक कोरी जाळी आणली, एक कोरा चिमटा आणला, त्याला ओळखीसाठी दोरी बांधली, आणि माझ्या कणसांसाठी अंगणाच्या कोपऱ्यात दुसरा लहानसा विस्तव केला. तिथे मी पाहिलंसुद्धा नव्हतं! तीन वाजेपर्यंत तो मनुष्य जागचा हलला नाही तो या राखणीसाठी. जावयाला चिमट्याला हात लावू दिला नाही तो यासाठी. स्वतः पाण्याचा घोट घेतला नाही. आणि हे सोवळं शेवटी मोडलं कोणी? तर आपल्या घरच्या कर्त्या पुरुषाने, शिष्टाचार म्हणून! मला तिथल्या तिथे धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

ठमीने त्यांना सांगितलं की आईला काही वाटलं नाही, राहू द्या. ते मान हलवून नाहीच म्हणत राहिले. घासलेला चिमटा आता चालणार नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. (आपल्या घरातही कोणी इतकं पाळत नाही. तुमच्याशिवाय.) ते उठले, कोपऱ्यातल्या विस्तवापाशी गेले आणि पेटत्या कोळशावरचं कणीस नुसत्या बोटांनी उचलून त्यांनी माझ्या हातात ठेवलं. मी बोटं पाहिली, जाऊबाई. जुन्या भाजल्याचे डाग होते, त्यात एकाची भर.

मग मात्र मी माघार घेतली नाही. त्यांना माझ्याच घडीच्या खुर्चीत बसवलं आणि ताटली पुढे केली. ते नको म्हणाले. मी वाढलं. दुसऱ्यांदा नको म्हणाले. मी आणखी वाढलं. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हात ताटलीवर आडवे धरले, तर मी हातांच्या फटीतून बटाटा आत सारला. सगळं अंगण तोंडाचा आ करून बघत होतं. हे नको म्हणतात, ही देते कशी, हा त्यांना बसलेला धक्का, तेवढा एकच त्या दिवशी त्यांच्या बाजूला बसला. बंबवाले जेवले. विहीणबाई म्हणाल्या की लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण या माणसाला स्वतःच्या विस्तवावरचं गरम खाताना त्या पहिल्यांदा बघताहेत. नेहमी शेवटी, उभ्याने, गार झालेलं. हे ऐकल्यावर मी आणखी एक बटाटा वाढला.

असो. तर असे हे लोक. मागच्या दाराने घेतात, जेवण आणायला सांगतात, आग्रह माहीत नाही, वरपिता राबतो आणि विहीण पाय पसरते. बोटं चाटतात, पाहुण्यावर बादली ओततात. एकही गोष्ट आपल्यासारखी नाही. मी जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहिलं, तुम्ही सांगितल्याप्रमाणे काही लपवलं नाही. निर्णय तुमचा. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि दादांना सांगा बरणी सापडली आहे.

तुमची आज्ञेतली (शक्यतो),
धाकटी जाऊ

ता. क. : तुमच्या भाच्याच्या घरी नकार तुम्हीच कळवा. मला जमायचं नाही.

आणखी एक ता. क. : तुमच्या भावजींनी त्या दिवशी पुढे काय काय खाल्लं ते विचारू नये. मी पाठ करून बसले होते. सध्या ते रोज संध्याकाळी बंबवाल्यांकडे 'भुवई दाखवायला' जातात आणि तोंड पुसत परत येतात.

शेवटचा ता. क. : हे पत्र मी आपल्या बुद्धीने लिहिलेलं नाही. ठमीने हाताला धरून बसवलं. म्हणाली, आई, मोठ्या आईला सगळं वाईटातलं वाईट आधी लिही, चार गोष्टी वाढवून लिहिल्यास तरी चालतील. इथे येऊन तिने हे पहिल्यांदा बघितलं तर ती तोंड फिरवेल आणि मला ते सोसायचं नाही. तिकडेच महिनाभर चिडून घेतलं की इथे उतरताना ती हसत उतरेल, असं पोरीचं म्हणणं. तर जाऊबाई, चिडायचं ते आता मनसोक्त चिडा, दादांवर काढा, दोन दिवस माझं नाव घेऊ नका. पण उत्तर लिहीत बसू नका. या. तुम्ही समोर उभ्या राहिल्याशिवाय पोर लग्नाची तारीख ठरवू देत नाही, आणि तुमच्या वाटचं घाबरणंसुद्धा मी घाबरून ठेवलेलं आहे.